दोराची दोन टोकं

दोर वळायला दोन माणसं लागतात, आणि त्या दोघांत साठ पावलांचं अंतर. एक जण चाकाशी बसून चाक फिरवतो. दुसरा कमरेला पिंजलेल्या तागाचा गुंडा बांधतो, त्याचं टोक आकड्याला अडकवतो आणि बोटांतून ताग सोडत मागे मागे चालत जातो. तोंड चाकाकडे, चाल उलटी. चाक फिरेल तसा ताग पिळतो आणि सूत वाढत जातं. अशा सुतांचे पेड आणि तीन पेडांचा दोर. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, जन्मभर असे मागे चालले. "मी जेवढा मागे चाललोय तेवढा या गावात कुणी पुढे गेला नसेल," असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे, आणि ऐकणारा हसला नाही तर दिवसभर फुगून बसायचे.

चाकावर आधी सासूबाई होत्या. त्या गेल्यावर मी बसले. सातव्या महिन्यात मात्र माझं पोट हातांच्या आधी चाकाच्या दांड्याशी पोचायला लागलं, तेव्हा आबांनी मला उठवलं. "ऊठ पोरी. आत बसलेल्याला चक्कर येईल," म्हणाले. दुसरं माणूस मिळेना, आणि चाक थांबलं.

त्याच सुमाराला साथ आली. आधी बाजार बंद झाला, मग शाळा, मग बस. वार कुठला हे विचारायचं लोकांनी सोडून दिलं. रस्त्यावर कुत्री आडवी झोपायची आणि त्यांना उठवायला कुणी यायचं नाही. मला एरवीही त्या दिवसांत झोप आवरत नव्हती. दुपारी डोळा लागायचा, जाग यायची, आणि सकाळ आहे की संध्याकाळ हे कळायला झाडाची सावली बघावी लागायची. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ते आवडलं. सगळं जग माझ्यासारखंच जड होऊन सावलीला बसलंय असं वाटायचं.

मग नदीवरच्या नावाड्याची बायको गेली. तिला शाळेत नेलं होतं. शाळेत आता वर्ग नव्हते, आजाऱ्यांच्या खाटा होत्या. नेली ती परत आलीच नाही. नावाड्याला फोनवर कळवलं, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. आबा आणि नावाडी जुने सोबती. मी नको नको म्हणत असताना आबा जाऊन त्याच्याजवळ अख्खी दुपार बसून आले. आल्यावर हातपाय धुतले आणि एवढंच म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या जवळ आपलं एकही माणूस नाही. याला काय म्हणायचं?"

चार दिवसांनी नवरा आला. त्याला मी तोंडावर अहो-जाहो करते, पण लिहिताना नवराच म्हणणार. तो शहरात दोरांच्याच कारखान्यात होता. फरक एवढाच की ते दोर नायलॉनचे, आणि ते वळायला कुणाला मागे चालावं लागत नाही. कारखाना बंद पडला, सहा जणांची खोली रिकामी करून घेतली, आणि हा गडी दोन दिवस चालत, एक दिवस दुधाच्या गाडीत बसून घरी आला. फाटकात उभा राहिला तेव्हा मी धावत जाणार होते. मला तपासायला आलेली गावची नर्सबाई आडवी आली.

"चौदा दिवस लांब. पोटुशी आहेस, कळतंय ना?"

दोर वळायच्या वाटेच्या पलीकडच्या टोकाला ताग ठेवायची खोप आहे. नवऱ्याची रवानगी तिथे झाली. नर्सबाईने खोपीच्या दारावर खडूने तारीख लिहिली. मधल्या झाडाखाली एक दगड होता, तिथे मी ताट ठेवायचं, वीस पावलं मागे यायचं, मग त्याने यायचं. दोन महिन्यांनी दिसलेला नवरा मला वीस पावलांवरून "कशी आहेस?" विचारत होता, आणि मी "बरी आहे" म्हणत होते. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी झोपही येत होती.

आता आबांचं आणि त्याचं. चार वर्षांपूर्वी तो कारखान्यात गेला त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. माझ्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती, म्हणजे घरात तो अबोला माझ्यापेक्षा थोरला. आबा म्हणायचे, "त्याला सांग, पाय धुवून ये." हा म्हणायचा, "त्यांना सांग, धुतले." मी मधे उभी. लग्नात मुलीला काय काय शिकवून पाठवतात, हे कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पंचायतीचा कारकून आला आणि फाटकाबाहेरूनच ओरडला. शाळेच्या पटांगणात तंबू ठोकायचे होते. खाटा आत मावत नव्हत्या. चाळीस दोर हवेत, लवकर हवेत.

"माणूस नाही," मी म्हटलं.

"आहे," आबा म्हणाले.

त्या दिवशी ते दिवसभर चाकाशी खटपट करत होते. चाकावरून आकड्यांकडे एक पट्टा जातो. तो त्यांनी जोड देऊन लांबवला आणि चाक चांगलं दहा हात मागे सरकवलं. नर्सबाईने माणसामाणसांत चार हात सांगितले होते. घामाघूम होऊन खाली बसले आणि मला म्हणाले, "त्याला विचार, हात अजून आहेत का यंत्राने खाल्ले."

मी झाडाशी जाऊन ओरडले. पलीकडून उत्तर आलं, "त्यांना सांग, आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा तोंडाला फडकं बांधून आला. आबांच्याही तोंडावर फडकं. त्याने कमरेला ताग बांधला, आकड्याला टोक अडकवलं आणि वर न बघता उभा राहिला. आबांनी चाक फिरवलं. तो मागे निघाला.

मला तो दिवस अजून डोळ्यांसमोर दिसतो. मी चाकाच्या बाजूला सावलीत पाटावर बसले होते. तागाचे बारीक तंतू उन्हात तरंगत होते, वर जात होते, खाली येतच नव्हते. नवरा माझ्याकडे तोंड करून माझ्यापासून लांब लांब जात होता. त्याची बोटं हलत होती आणि त्यांच्यातून सोनेरी सूत निघून सरळ माझ्या दिशेने येत होतं. चाकाची खडखड चालू झाली की पोटातलं पोर आधी दचकायचं, मग निवांत व्हायचं. हे असंच चालू राहावं, साथसुद्धा राहिली तर राहू दे, असं त्या क्षणी माझ्या मनात आलं. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

संध्याकाळी आम्ही वीस पावलांवर बसून बोलायचो. तो खोपीच्या पायरीवर, मी दगडाच्या अलीकडे.

"एवढा वेळ समोरासमोर असता, एक शब्द नाही बोललात," मी म्हटलं.

"बोललो की."

"कधी?"

मग त्याने सांगितलं. चाकाच्या खडखडीत तोंडाचं बोलणं पोचत नाही, म्हणून आमच्या घरात सुतातून बोलतात. चाकवाल्याने दोन झटके दिले की थांब. चाक जोरात आलं की चाल वाढव. आणि चाक मधेच ढिलं पडलं की चालणारा ताग जाड सोडतोय, चाकवाला चिडलाय. लहानपणी आबांचा हात ढिला पडला की हा सूत उसवून पहिल्यापासून धरायचा.

"आणि आज काय म्हणाले?"

"आज काहीच नाही. सरळ फिरवत होते." तो हसला. "म्हणजे बरं चाललंय."

सहाव्या दिवशी दुपारी माझ्याकडून घोटाळा झाला. त्या दिवसांत मी उभ्या उभ्या झोपायची. रश्श्यात मीठ घातलं आणि घातलंय हे विसरून पुन्हा घातलं. आबांचं ताट गेल्यावर मी चाखून बघितलं तर जीभ सोलून निघाली. मी धास्तावले. मिठाचा एक खडा इकडेतिकडे झाला तरी आबा तासभर पाढा वाचायचे. मी भीत भीत गेले तर ताट चाटूनपुसून साफ.

"चांगलं झालं होतं, पोरी," ते म्हणाले.

मी हवेत तरंगत परत आले. दोन वर्षांत पहिली शाबासकी! चूक माझी आहे हे ओळखून, माझी अवस्था बघून म्हातारा गोड बोलला, असं मला वाटलं. त्या दिवसापासून त्यांचं सगळंच बदललं होतं. खाट त्यांनी बाहेर चाकाच्या छपराखाली नेली, आत उकडतं म्हणून. मी ताट घेऊन गेले की लांबूनच म्हणायचे, "तिथेच ठेव. वाकू नकोस." माझ्या आईनेसुद्धा माझे एवढे लाड केले नव्हते.

संध्याकाळी मी हे नवऱ्याला सांगितलं. त्याने हात उजेडात धरले. बोटांची सालं निघाली होती.

"तुझ्यावर खूश आहेत, माझ्यावर चिडलेत."

"कशावरून?"

"आज चार वेळा चाक ढिलं सोडलं. मी ताग बारीक केला, तरी ढिलं. आणखी बारीक केला, तरी तेच." तो बोटांकडे बघत राहिला. "माझा हात गेला गं. चार वर्षं कारखान्यात सुताच्या नळ्या मोजत बसलो, हात गेला."

"त्यांना विचारा ना सरळ."

"मी? पहिला?"

मी हात टेकले. एवढी शहाणी माणसं, आणि मी त्यांच्यात शहाणी, असं मला वाटत होतं.

सातव्या दिवशी चाक जास्त ढिलं पडलं. आठव्या दिवशी त्याहून जास्त. नवरा सूत उसवायचा, पुन्हा आकड्याशी यायचा, पुन्हा मागे जायचा. काम संपल्यावर खोपीसमोर एकटाच ताग हातात घेऊन बोटं फिरवत बसायचा, परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखा. नर्सबाई दिवसाआड सायकलवरून यायची, थेट खोपीकडे जायची, त्याच्या कपाळासमोर यंत्र धरायची आणि "नाही ताप" म्हणून निघून जायची. ताप शोधायला आम्ही सगळे त्या टोकाला जात होतो.

नवव्या दिवशी सकाळी मी चहात मीठ घातलं.

डबे शेजारी शेजारी, डोळे अर्धे मिटलेले, दुसरं काय होणार? एक पेला चाकाशी ठेवला, एक दगडावर. थोड्या वेळाने झाडाकडून हाक आली, "अगं, मारतेस का काय! चहात मीठ आहे!" नवरा थू थू करत होता आणि हसत होता. मीही हसले. तो आल्यापासून आम्ही पहिल्यांदाच असे हसलो. हसतच मी आबांकडे गेले, त्यांचा पेला उचलायला. पेला रिकामा होता.

"आबा, चहा कसा होता?"

"झकास," आबा म्हणाले.

खारट रस्सा माणूस सुनेच्या प्रेमाने खाईल. मिठाचा चहा शेवटच्या घोटापर्यंत कुणी कुणाच्या प्रेमाने पीत नाही. नर्सबाईने पहिल्याच दिवशी बोटांवर मोजून सांगितलं होतं, ताप, खोकला, दम, आणि तोंडाची चव जाते. मी पेला हातात धरून उभीच राहिले.

तोवर नवरा येऊन, ताग अडकवून मागे निघालाही होता. आबांनी दांडा धरला होता. दोन्ही हातांनी, एरवी एक पुरायचा. मी पाच दिवस तिथेच बसून बघत होते, आणि दोन्ही हात मला आज दिसत होते. तोंडावरचं फडकं श्वासागणिक आत ओढलं जात होतं. मान घामाने निथळत होती, आणि ऊन तर अजून झाडाच्या पलीकडेच होतं.

"आबा, थांबा."

"नऊ दोर राहिलेत."

"आबा, तुम्हाला ताप आहे."

"हळू बोल."

आणि चाक ढिलं पडलं. तिकडे चाळीस पावलांवर नवरा थबकला. त्याने मान खाली घातली आणि हातातलं सूत उसवून पुन्हा बारीक करायला लागला. त्याला वाटलं, बाप रागावला. मी किंचाळले, "अहो, ते चिडले नाहीत! ते आजारी आहेत! ते चिडले नाहीत हो!" त्याने वर बघितलं. चाक थांबलं होतं, त्यामुळे माझा शब्द न् शब्द त्याला ऐकू गेला असणार. आबा दांड्यावरून बाजूला कलंडले.

दोर वळणारा माणूस हातात सूत असताना पुढे येत नाही. पुढे आला की ताण जातो, सूत स्वतःभोवती गुंडाळतं, गाठी पडतात आणि सगळं वाया जातं. हे आमच्याकडे चालायला शिकण्याआधी शिकवतात. नवरा पुढे आला. धावत आला. सूत त्याच्या पायांत, वाटेवरच्या सूत टेकवायच्या खुंटांत अडकत होतं, आणि तो ते तोडत तोडत येत होता.

"लांब राहा," आबा म्हणाले. चार वर्षांतला तो पहिला शब्द.

"राहिलो की चार वर्षं," नवरा म्हणाला आणि त्याने त्यांना उचलून मांडीवर घेतलं. मी जवळ जायला लागले तर दोघेही एकदम ओरडले, "तू नाही!" तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

"कधीपासून?" नवऱ्याने विचारलं.

"चार दिवस."

"मग बोलला का नाहीत?"

आबांना दम लागला होता. एकेक शब्द काढत ते म्हणाले, "नेलं असतं मला. चाक थांबलं असतं. तू तिकडे खोपीत, मी तिकडे शाळेत... चौदाच दिवस होते. त्यातले नऊ झाले."

नवऱ्याने आपलं तोंड त्यांच्या खांद्यात घातलं. मी रिकामा पेला घेऊन दहा हातांवर उभी होते, आणि मला दोघांचा इतका राग आला, इतकी माया आली, की पेला आपटावासा वाटला. पण तो फुटला असता म्हणून नाही आपटला.

दुपारी गाडी आली. पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं उतरली, त्यांचे डोळे तेवढे दिसत होते. त्यांनी आबांना आत घातलं आणि दार लावायला लागले. नवरा म्हणाला, "मलाही घ्या. मी शिवलोय त्यांना. माझेही दिवस भरले नाहीत."

"आजाऱ्यालाच नेतो आम्ही."

"मग उद्या यायची खेप वाचवा."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, जाऊ नका. आठवा महिना आहे, घरात कुणी नाही, त्या शाळेत गेलेली माणसं परत येत नाहीत. हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं. आतून आबांचा आवाज आला, "सूनबाई, अडव त्याला."

"मी कुणाला अडवत नाही, आबा," मी म्हटलं. "पांघरूण घेऊन जा म्हणजे झालं."

नवरा गाडीत चढला. "आबा, जरा सरका," म्हणाला, आणि दार लागलं.

त्यानंतरचे दिवस मी फक्त फोनवरून मोजले, बाकी ते आपोआप जात होते. नर्सबाईने मला तपासलं, मला काही नव्हतं. तिने खोपीच्या दारावरची तारीख पुसली आणि घराच्या दारावर लिहिली. शेजारीण कुंपणावर दूध ठेवून जायची. मी वाटेवर ये-जा करायची, साठ पावलं जाताना, साठ येताना, पोटावर हात ठेवून. खुंटांत तुटकं सूत तसंच लोंबत होतं. दुपारी झोप लागली की मला चाक ऐकू यायचं, आणि जाग आली की कळायचं, ती माझीच छाती.

तिसऱ्या दिवशी फोन आला, नवऱ्याला ताप चढला. पाचव्या दिवशी आबांना नळीने हवा दिली. सातव्या दिवशी फोनच आला नाही, आणि त्या दिवशी मी काय केलं ते मला आठवत नाही. नवव्या दिवशी नर्सबाईने सायकलवरूनच ओरडून सांगितलं, म्हातारा सुधारतोय. बाराव्या दिवशी आबांना सोडलं.

मी भात टाकून वाट बघत बसले. दुपार झाली, ऊन उतरलं. आबा आले नाहीत. मी नवऱ्याला फोन लावला.

"आबा निघाले ना?"

"निघाले." त्याचा आवाज अजून खोल होता. "इथेच फाटकासमोर बसलेत. झाडाखाली. मला खिडकीतून दिसतायत."

"का?"

"मला सोडलं नाही ना अजून. तूच सांग त्यांना घरी जायला."

"तुम्ही सांगा."

"सांगितलं. म्हणाले, तू तुझं बरं हो, मला शिकवू नकोस."

चार दिवस आबा तिथे बसले. रखवालदाराने हाकललं तर पलीकडच्या झाडाखाली गेले. नावाडी त्यांना जेवण नेऊन द्यायचा. रात्री त्याच्याच पडवीत पडायचे आणि उजाडायच्या आत पुन्हा झाडाखाली हजर. नवऱ्याचा ताप एकदा उतरायचा, एकदा चढायचा. फोनवर तो सांगायचा, "आज हात वर केला," "आज उभे राहिले," "आज रखवालदाराशी भांडले." मी विचारायचे, तुम्ही कसे आहात, आणि तो पुन्हा आबांचंच सांगायचा. मी भीत होते, पण ती भीती आता माझ्या एकटीची नव्हती. तिची एक बाजू त्या फाटकाबाहेर बसली होती.

सोळाव्या दिवशी सकाळी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. नदीकडून येणाऱ्या रस्त्यावर धुकं होतं. त्यात दोन माणसं दिसली. एक पुढे, एक अर्धं पाऊल मागे, दोघेही वाळलेले, दोघांचेही कपडे अंगापेक्षा मोठे. पुढचा हातवारे करत होता. मागचाही. मी सूप बाजूला ठेवून उभी राहिले, आणि ते जवळ आल्यावर शब्द ऐकू आले.

"नायलॉन पाण्यात कुजत नाही, आबा! दहा वर्षं कुजत नाही!"

"अरे, कुजणार नाही तर माझ्याकडे दुसरा दोर मागायला येणार कोण?"

"तुम्हाला धंद्याचंच सुचतं."

"आणि तुला? गाठ बसते का त्याला? सांग. ओल्या हाताने गाठ बसते का?"

"बसते."

"बसत नाही."

"बसते, आबा!"

"चार वर्षं खोटं बोलायला शिकवलं का रे तुला तिथे?"

आबा दमले की थांबायचे, नवरा त्यांच्या कोपराला धरायचा, श्वास खाली बसला की पुन्हा सुरू. इतकं मन लावून भांडत होते की फाटक आलं तरी त्यांना कळलं नाही. दोघे माझ्यासमोरून, घरासमोरून तसेच पुढे निघून गेले.

मी हाक मारली नाही.